सिनेमात काम करायचंय? आधी विभाग ठरवा

“मला सिनेमात काम करायचंय,” असं कुणी म्हटलं की माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: शूटिंगच्या आधी, शूटिंगच्या वेळी, की शूटिंग संपल्यावर? समोरचा बहुधा गोंधळतो. त्याच्या डोळ्यांसमोर दिग्दर्शक, नट-नट्या आणि फार तर कॅमेरामन एवढीच माणसं असतात. कुठल्याही मध्यम आकाराच्या चित्रपटाची शेवटची श्रेयनामावली एकदा थांबून थांबून वाचा. शेकडो नावं असतात आणि त्यातली कितीतरी माणसं शूटिंगच्या ठिकाणी कधी फिरकलेलीही नसतात.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा पहिला चित्रपट आला, तेव्हा फिल्मला छिद्रं पाडणं, रसायनं तयार करणं, फिल्म धुणं ही कामं सरस्वतीबाई फाळके करत होत्या आणि वर युनिटचं जेवणही बघत होत्या. आज त्यातलं एकेक काम म्हणजे स्वतंत्र धंदा आहे. प्रत्येक विभागाचा जिना वेगळा. मध्येच जिना बदलला तर बहुतेकदा तळापासून सुरुवात करावी लागते. म्हणून ओळखी शोधत फिरण्याआधी जिना कुठला ते ठरवायला हवं.

पहिलं काम: एक प्रसंग फोडून बघा

समजा, पटकथेत एवढंच लिहिलंय: “बाहेर. बसस्टॉप. रात्र. पाऊस. नंदा भिजलेली चिठ्ठी उघडते, वाचते आणि फाडते. जाणाऱ्या गाडीचा उजेड तिच्या चेहऱ्यावरून सरकतो.”

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशोब असतो. शेड्यूल करताना प्रत्येक पानाचे आठ भाग धरतात. हा प्रसंग फार तर दोन-अष्टमांश पान भरेल. वाचकाला तो पंधरा सेकंदांचा वाटतो. आता युनिट तो कसा वाचतं ते बघा.

फर्स्ट असिस्टंट डायरेक्टर म्हणतो, रात्रीचं बाहेरचं काम, वर पाऊस, वर चालती गाडी. पाव पान असलं तरी अर्धी रात्र जाणार आणि दुसऱ्या दिवशीचा कॉल, म्हणजे हजर राहायची वेळ, उशिराची द्यावी लागणार. त्याच्या शेड्यूलच्या फळ्यावर ही पट्टी हिरवी लागते. प्रचलित पद्धतीत दिवसा-आत पांढरी, दिवसा-बाहेर पिवळी, रात्री-आत निळी आणि रात्री-बाहेर हिरवी. लाइन प्रोड्यूसरला, म्हणजे शूटिंगचा रोजचा खर्च सांभाळणाऱ्याला, दिसतो तो पाण्याचा टँकर, जनरेटर आणि ओव्हरटाइम. लोकेशन मॅनेजरला दिसतात रस्ता अडवायची परवानगी, गाड्या लावायची जागा, स्वच्छतागृह आणि रात्री दोन वाजता तक्रार करणारे शेजारी.

प्रॉप्सवाल्याचं डोकं चिठ्ठीवर. ती दर टेकला फाटणार. तीन अँगल, प्रत्येकाचे चार-पाच टेक आणि वर काही जादा, म्हणजे वीस चिठ्ठ्या तरी हव्यात. सगळ्या एकाच अक्षरात, एकसारख्या घडीच्या. शाई पाण्यात पसरायला हवी की नको, हे दिग्दर्शकाला आजच विचारायचं, शूटिंगच्या रात्री नाही. वेशभूषेला नंदाच्या कपड्यांचे एकसारखे तीन-चार संच लागतील, कारण दुसऱ्या टेकला ती पुन्हा कमी भिजलेली दिसायला हवी. मेकअपला पाण्यात टिकणारं सामान हवं. कंटिन्युइटी बघणारी व्यक्ती म्हणजे स्क्रिप्ट सुपरवायझर टिपून ठेवते: चिठ्ठी कुठल्या हातात, कुठल्या क्षणी फाडली, केस किती ओले, ती कुठल्या बाजूला बघत होती.

छायालेखकाला माहीत असतं की रात्रीचा पाऊस समोरून उजेड टाकला तर जवळजवळ दिसतच नाही. थेंब चमकवायचे तर दिवा मागून हवा. म्हणजे गॅफरला, दिव्यांच्या प्रमुखाला, बसस्टॉपच्या मागे उंच दिवा उभारायचा आहे आणि ओल्या जमिनीवर वीज खेळवायची आहे. साउंड रेकॉर्डिस्टला नकली पाऊस खऱ्यापेक्षा कर्कश वाटतो. तो फाटणाऱ्या कागदाचा आवाज पाऊस बंद करून वेगळा घेऊन ठेवेल. व्हीएफएक्सवाला, म्हणजे संगणकावर दृश्यात फेरफार करणारा, टँकरचं काचेतलं प्रतिबिंब पुसायची नोंद करेल. आणि एडिटरला दोन शॉट जोडताना गाडीचा उजेड गालावर नेमका कुठे होता, हे जुळवायचं आहे.

आता तुम्ही स्वतः एक छोटा प्रसंग घ्या आणि प्रत्येक विभागाच्या नावाने अशी यादी लिहा. कुठली यादी लिहिताना पान भरलं तरी हात थांबला नाही, ते बघा. आवडनिवडीच्या कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा ही खूण मला जास्त खरी वाटते.

दुसरं काम: आपला स्वभाव कुठल्या काळात बसतो?

शूटिंगच्या आधीचं काम महिनोन्‌महिने चालतं. लेखन, निर्मितीची जुळवाजुळव, बजेट, कास्टिंग, रेकी म्हणजे जागांची पाहणी, सेटची रेखाटनं. इथे चिकाटी लागते, कारण जमत आलेला प्रकल्प शेवटच्या आठवड्यात बारगळतो आणि हे वरचेवर होतं. शूटिंगचे दिवस बारा-बारा तासांचे, उभ्याने काढायचे. आवाज, माणसं, घाई. ज्यांना गर्दीत डोकं थंड ठेवता येतं त्यांनी तिकडे जावं. शूटिंगनंतरचं काम अंधाऱ्या खोलीत, थोड्या माणसांत, एकच गोष्ट चाळीस वेळा बघण्याचं. सेटवर चमकणारी माणसं एडिटिंगच्या खोलीत आठवड्याभरात कंटाळलेली मी पाहिली आहेत. उलटही घडतं.

तिसरं काम: जिने नीट समजून घ्या

दिग्दर्शन विभागापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त गर्दी तिथे आणि सगळ्यात जास्त गैरसमजही तिथेच. खालून वर चढताना रनर किंवा फ्लोअर असिस्टंट, थर्ड, सेकंड आणि मग फर्स्ट एडी (एडी म्हणजे असिस्टंट डायरेक्टर). सेकंड एडी उद्याची कॉल शीट बनवतो: कोणी किती वाजता यायचं, कुठले प्रसंग, सूर्योदय-सूर्यास्त, हवामान, जवळचं रुग्णालय. फर्स्ट एडी सेट चालवतो, घड्याळ सांभाळतो आणि सुरक्षिततेवर नजर ठेवतो. “एडी झालो की पुढे दिग्दर्शक,” हे सगळीकडे खरं नाही. जपानी स्टुडिओंमध्ये तशी पद्धत होती. अकिरा कुरोसावा १९३६ साली सहायक म्हणून लागले आणि १९४३ साली त्यांचा पहिला चित्रपट आला. अमेरिकेत मात्र फर्स्ट एडीची पुढची पायरी बहुधा प्रॉडक्शन मॅनेजर किंवा लाइन प्रोड्यूसर ही असते. तिथे तो व्यवस्थापनाचा जिना समजला जातो.

दिग्दर्शकाच्या खुर्चीपर्यंत इतर वाटाही जातात. डेव्हिड लीन आणि रॉबर्ट वाइज संकलनातून आले. हिचकॉक मूकपटांच्या मजकुराच्या पाट्या रेखाटत होते. व्ही. शांताराम बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत तयार झाले. तेव्हा दिग्दर्शक व्हायचंच असेल, तर आपल्याला रोज करायला आवडेल असं काम धरा आणि स्वतःचे लघुपट बाजूने करत राहा. नुसतं एडी होऊन वाट बघत बसणं हा त्यातला सगळ्यात हळू मार्ग आहे, असं माझं मत आहे.

कॅमेऱ्याचा जिना सगळ्यात शिस्तीचा. ट्रेनी, मग क्लॅपर-लोडर म्हणजे सेकंड असिस्टंट, मग फोकस पुलर (नट हलेल तसा लेन्सचा फोकस सांभाळणारा), ऑपरेटर आणि शेवटी छायालेखक. फोकस पुलरची पायरी अवघड का, ते एका आकड्यात कळतं. सुपर ३५ सेन्सर, ८५ मिमी लेन्स, ॲपर्चर एफ/२ आणि नट दोन मीटरवर असेल, तर चित्र तीक्ष्ण राहण्याची पट्टी असते जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर. नट नुसता पुढे झुकला तरी डोळे फोकसबाहेर. बाकी कुणाची चूक पुढच्या टेकमध्ये झाकली जाते. याची चूक झाली की नटाचा उत्तम टेक वाया जातो. त्यामुळे चांगल्या फोकस पुलरला काम कमी पडत नाही आणि कित्येक जण आपखुशीने आयुष्यभर तिथेच राहतात. डिजिटल आल्यापासून डीआयटी (डिजिटल इमेजिंग टेक्निशियन) ही जागाही पक्की झाली आहे: कार्डांवरचा माल सुरक्षित उतरवणं, त्याच्या प्रती तपासणं आणि मॉनिटरवरचा रंग सांभाळणं.

दिवे आणि ग्रिप हे दोन विभाग छायालेखकाच्या हाताखाली चालतात. गॅफर दिवे बघतो; ‘की ग्रिप’, म्हणजे ग्रिप विभागाचा प्रमुख, ट्रॅक, ट्रॉली, क्रेन आणि उजेड अडवणारी कापडं-चौकटी बघतो. विजेचं किंवा यंत्रकामाचं शिक्षण असलेल्यांनी इकडे जरूर बघावं. ही माणसं नेहमी हवी असतात.

साउंडचा विभाग शूटिंगच्या वेळी दोन-तीन माणसांचा: मिक्सर, बूम ऑपरेटर, एखादा मदतनीस. जागा कमी, पण उमेदवारही कमी. बूम धरणारा म्हणजे नुसता काठी धरणारा, असं समजू नका. त्याला संवाद पाठ असावे लागतात, लेन्स बघून चौकट कुठे संपते ते ओळखावं लागतं आणि दिव्याची सावली चुकवत माइक तोंडाजवळ न्यावा लागतो. प्रत्येक जागी काम संपल्यावर अर्धा-एक मिनिट सगळ्यांना गप्प उभं करून त्या खोलीचा रिकामा आवाज घेतात. संकलनात संवादांमधल्या फटी त्यानेच भरतात. शूटिंगनंतर याच विभागात डायलॉग एडिटर, फॉली आर्टिस्ट (पावलं, कपडे, वस्तू यांचे आवाज चित्र बघत करणारा), साउंड डिझायनर, मिक्सिंग इंजिनिअर अशा बऱ्याच वाटा फुटतात. वॉल्टर मर्च यांना एकाच चित्रपटासाठी संकलन आणि ध्वनी अशी दोन्ही ऑस्कर मिळाली. कान आणि कात्री ही जोडी वाटते त्यापेक्षा जवळची आहे.

कंटिन्युइटीचा जिना जवळजवळ नाहीच. बहुतेक चित्रपटांत ही एकच व्यक्ती असते आणि पहिल्या दिवसापासून पूर्ण जबाबदारी तिची. शिकायचं ते जाणत्या स्क्रिप्ट सुपरवायझरच्या शेजारी बसून. संहितेवर प्रत्येक टेकसाठी उभी रेघ मारायची. बोलणारा कॅमेऱ्यात असेल तिथे सरळ, नसेल तिथे नागमोडी. ती संहिता एडिटरच्या हातात पडली की काय घेतलंय आणि काय राहिलंय, ते त्याला एका नजरेत कळतं.

कला आणि वेशभूषा हे मोठे विभाग, त्यामुळे आत शिरायला तुलनेने मोकळे. प्रॉडक्शन डिझायनरच्या हाताखाली आर्ट डायरेक्टर, सेट डेकोरेटर, प्रॉप्स, सुतार, रंगारी, चित्रकार. बाहेरचं कौशल्य इथे थेट चालतं. भानू अथैया यांनी सुरुवात मासिकांसाठी फॅशनची चित्रं काढण्यापासून केली; १९८३ साली वेशभूषेचं ऑस्कर त्यांना मिळालं.

संकलनात दार एकच, असिस्टंट एडिटरचं. आलेला माल तपासणं, आवाज आणि चित्र जुळवणं, प्रसंगवार लावणं, नावं देणं. चित्राचं संकलन पक्कं झालं की आवाज, रंग आणि व्हीएफएक्स या विभागांना ज्याच्या-त्याच्या फाइली चोख पोहोचवणं. एका फाइलीचा फ्रेम रेट चुकला तर पुढच्या तीन खोल्यांमधलं काम अडतं. सर्जनशील काहीच नाही असं वाटेल. पण एडिटर जेवायला गेलेला असताना “हा प्रसंग जरा लावून बघ” असं कधीतरी कानावर येतं, ते याच खुर्चीतल्या माणसाच्या.

व्हीएफएक्समध्ये रोटो (फ्रेममधली वस्तू कडेने कापून वेगळी करणं) आणि पेंट (नको ते पुसणं) यांपासून सुरुवात, मग कंपोझिटिंग म्हणजे वेगवेगळे थर एका चित्रात जोडणं, मग सुपरवायझर. प्रोग्रामिंग येत असेल तर पाइपलाइनचं काम वेगळं आणि मागणीचं.

प्रॉडक्शन ऑफिसकडे नवखे ढुंकून बघत नाहीत, ही त्यांची मोठी चूक. कोऑर्डिनेटर, प्रॉडक्शन अकाउंटंट, लोकेशन असिस्टंट यांना सिनेमा कसा उभा राहतो आणि कुठे फसतो, हे सगळ्यांच्या आधी कळतं. वाणिज्य शाखेतून आलेल्या, हिशोबात पक्क्या माणसाला इथे पटकन पाय रोवता येतात. निर्माता व्हायची इच्छा असेल तर याहून सरळ वाट मला दिसत नाही.

चौथं काम: दार उघडण्याआधी हात तयार करा

कॅमेऱ्याकडे जाणाऱ्यांनी खिशात मेजपट्टी ठेवावी. कुठल्याही वस्तूचं अंतर आधी नजरेने सांगायचं, मग मोजायचं. फोकस पुलर हाच सराव करतात. एडी व्हायचं असेल तर एखाद्या लघुपटाची संहिता घेऊन तिचं पूर्ण ब्रेकडाउन (कुठल्या प्रसंगाला काय काय लागेल याची यादी), शेड्यूल आणि एका दिवसाची कॉल शीट बनवा. साउंडवाल्यांनी एकच संवाद तीन वेगवेगळ्या खोल्यांत, माइक जवळ-लांब ठेवून घ्यावा आणि डोळे मिटून ऐकावा. संकलनवाल्यांनी एकच प्रसंग दोनदा कापावा, एकदा एका पात्राच्या बाजूने आणि एकदा दुसऱ्याच्या. कंटिन्युइटीसाठी मित्राला बोलता बोलता पाणी प्यायला लावा, तेच पाच वेळा करायला सांगा आणि कुठल्या शब्दावर पेला उचलला ते लिहा.

फिल्म स्कूल हवंच का? मॉस्कोची व्हीजीआयके १९१९ साली सुरू झाली, म्हणजे सिनेमा शिकवण्याची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. अशा शाळांतून बाहेर पडलेले यशस्वी झाले, न गेलेलेही झाले. शाळेतून दोन गोष्टी मिळतात: चुका करायची जागा आणि पुढे दहा वर्षं सोबत राहणारी माणसं. प्रवेश घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. माझ्या विभागात मला प्रत्यक्ष शूटिंगचे किती दिवस मिळतील? उपकरणं विद्यार्थ्यांच्या हातात पडतात की कपाटात असतात? गेल्या दोन-तीन वर्षांचे विद्यार्थी आज नेमक्या कुठल्या पदावर आहेत? उत्तरात नुसती प्रसिद्ध नावं ऐकवली, तर बाकीच्यांचं काय झालं ते विचारा.

पाचवं काम: योग्य माणसाला, नेमका निरोप

दिग्दर्शकाला निरोप पाठवू नका. खालच्या जागा तो भरत नाही. एडी विभागात सेकंड एडी, कॅमेऱ्यात फोकस पुलर किंवा त्याचा सेकंड, संकलनात असिस्टंट एडिटर, ऑफिसात कोऑर्डिनेटर: माणूस कमी पडला की रात्री अकरा वाजता फोन फिरवणारी माणसं ही. निरोप असा असावा:

“नमस्कार. गेले आठ महिने मी विद्यार्थ्यांच्या लघुपटांवर सेकंड कॅमेरा असिस्टंट म्हणून काम करतोय. स्लेट, कॅमेरा रिपोर्ट, बॅटऱ्या आणि कार्डांचा हिशोब नीट ठेवता येतो. १२ तारखेपासून मोकळा आहे. एखाद्या दिवसासाठी जादा हात लागला तर कळवा.”

कोण, काय येतं, कधीपासून. बस. “कुठलंही काम करेन” हे वाक्य काढून टाका. वाचणाऱ्याला कामावर ठेवायचा कोपरा सापडत नाही आणि निरोप मागे पडतो. सोबत एक पानाची कामांची यादी जोडा: कामाचं नाव, तुमचं पद, विभागप्रमुख कोण होते. शाळेतले गुण आणि छंद नकोत.

पहिला दिवस

कॉल शीट रात्रीच पूर्ण वाचा आणि वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोहोचा. आपल्याच विभागप्रमुखाचं ऐका; दुसऱ्या विभागाची वस्तू मदत म्हणूनही उचलू नका, विशेषतः दिवा आणि प्रॉप. टेबलावर पडलेला पेला दोन इंच सरकवलात तर आधीचा शॉट जुळत नाही. वॉकीवर बोलण्याआधी ऐका, आणि निरोप मिळाला की मिळाल्याचं सांगा. टेक चालू असताना नटाच्या नजरेच्या रेषेत उभं राहू नका. आणि फोटो काढायचे नाहीत. एका फोटोपायी लोक कामावरून गेलेत.

पैसे आणि कागद

तोंडी ठरलेलं, निदान एका ईमेलमध्ये, लिहून घ्या: दिवसाचे किती, दिवस किती तासांचा, ओव्हरटाइम कसा, पैसे कुठल्या टप्प्यांत, श्रेय कुठल्या पदाचं, अपघात विमा आहे का. पॅक-अप आणि दुसऱ्या दिवशीचा कॉल यांत किती अंतर, हेही विचारा. कित्येक देशांच्या कामगार करारांत ते दहा-अकरा तास असतं आणि त्याला कारण आहे. थकून गाडी चालवणं हा या धंद्यातला खरा धोका आहे.

“चित्रपट चालला की पैसे” या अटीवर काम करायचं असेल तर ते फुकट आहे असं धरूनच करा. मित्राच्या लघुपटावर चार दिवस असे द्यायला हरकत नाही. पण सगळ्या युनिटला पैसे मिळतायत आणि तुम्हालाच “अनुभव” मिळतोय, तर नाही म्हणा. आणि काम देण्यासाठी तुमच्याकडेच नोंदणी फी, कार्डाचे पैसे किंवा अनामत मागितली जात असेल, तर तिथून निघा.

कामं सलग मिळत नाहीत. दोन कामांमधले रिकामे महिने हिशोबात धरूनच दर ठरवा, आणि कर बाजूला काढून ठेवा.

वरची पायरी कधी?

मोठ्या चित्रपटावर खालचं पद आणि छोट्या कामावर वरचं पद, अशी दोन पायांची चाल बहुतेक जण काही वर्षं चालतात. मोठ्या सेटवर शिस्त दिसते, छोट्यावर निर्णय घ्यायला मिळतात. यादीत वरच्या पदाची चार-पाच कामं जमली आणि ओळखीचे लोक त्याच पदासाठी फोन करायला लागले, की खालच्या पदाला नकार द्यायची वेळ आली. हा नकार सोपा नसतो. पहिले काही महिने फोन कमी होतात, तेवढे पैसे आधी साठवलेले हवेत. तसं ठरवलंत की ज्यांच्या हाताखाली काम करत आलात त्या विभागप्रमुखाला स्वतः फोन करून सांगा, आणि तुमच्या जागी घेता येईल असं एखादं नावही सुचवा. पुढच्या वेळी सेकंड युनिटला, म्हणजे मुख्य युनिटच्या बाजूने वेगळे शॉट घेणाऱ्या छोट्या तुकडीला, वरच्या पदावर माणूस लागला, तर ते आधी तुम्हालाच विचारतील.